पाचवा टोला

पालिकेची बाई पहिल्यांदा फायर स्टेशनच्या क्वार्टर्समध्ये आली, तेव्हा तिच्या काखेत नकाशांच्या इतक्या गुंडाळ्या होत्या की प्रत्येक दारातून आत शिरताना तिला तिरकं व्हावं लागत होतं. झालं, त्या दिवसापासून तिचं नाव पडलं नकाशेवाली. तिनं आपलं खरं नाव घरोघर सांगितलं, गळ्यातलं ओळखपत्र पुढं करून दाखवलंही. पण क्वार्टर्समध्ये एकदा नाव पडलं की ते धुऊन काढायला अख्खा बंब आणला तरी उपयोग नसतो.

तिचं काम सोपं होतं, म्हणजे ऐकायला. फायर स्टेशन म्हातारं झालंय, ते पाडून मोठ्या रस्त्यावर नवं बांधायचंय, तर आसपासच्या लोकांना भेटा, त्यांचं ऐकून घ्या, त्यांना पटवा. आता लोकांना पटवणं म्हणजे काय असतं, ते ज्यानं घरातल्याच चार माणसांना एका वेळी जेवायला बसवून दाखवलंय त्याला विचारा. इथं तर अख्खी वस्ती होती.

पहिली सभा स्टेशनच्याच वरच्या हॉलमध्ये भरली. नकाशेवालीनं भिंतीवर नकाशा लावला आणि तोंड उघडलं, तेवढ्यात समोरचा सलूनवाला उभा राहिला. "बाई, सगळे बंबवाले माझ्याकडे दाढी करतात. स्टेशन गेलं तर मी काय भिंतींची दाढी करू?" हशा पिकला. मग निवृत्त मास्तर उठले. माइक दिसला की मास्तरांच्या अंगात संचारतं, हे सगळ्यांना माहीत. ते म्हणाले, "पाडायची गरजच काय? ही जुनी बांधणी आहे. दगड आहे, दगड! हिला काही होत नाही," आणि त्यांनी भिंतीवर जोरात थाप मारली. वरून गिलाव्याचा एक पोपडा सुटला तो थेट टेबलावरच्या पाण्याच्या तांब्यात. मास्तर खाली बसले. नकाशेवालीनं फक्त त्या तांब्याकडे बोट दाखवलं. दुसरं काही बोलायची तिला गरजच पडली नाही.

तरी कुरबुर चालूच होती. धूळ किती उडणार, गाड्या कुठं लावायच्या, भोंगा कुणाच्या कानाशी वाजणार. अशात मागच्या रांगेतून काकू उभी राहिली आणि हॉल एकदम गप्प झाला.

काकू म्हणजे बंबवाल्याची बायको आणि बंबवाल्याची आई. नवरा आजारपणात गेला. मुलगा गेला तो आगीत. लहानपणी गोल गरगरीत होता म्हणून त्याचं नाव ढब्बू; पुढं ताडासारखा उंच आणि काडीसारखा बारीक झाला, तरी ढब्बूच राहिला. तो गेल्यावर घर काकूकडेच राहू दिलं होतं, आणि त्यात ती एकटी राहायची. सभेला यायची, मागं बसायची, कधी अवाक्षर काढायची नाही.

"दार केवढं करणार?" काकूनं विचारलं.

"त्याचंच सांगत होते," नकाशेवाली म्हणाली. "आत्ताचं दार बुटकं आहे. मोठ्या शिडीची गाडी आत येऊ शकत नाही, म्हणून ती नदीपलीकडच्या स्टेशनात..."

"ते मला ठाऊक आहे, बाळा. तिकडून यायला तिला किती वेळ लागतो तेही ठाऊक आहे. नवं दार केवढं, ते सांग."

"शिडीची गाडी आरामात आत जाईल एवढं, काकू."

"मग बांधा. आणि लवकर बांधा." एवढं बोलून काकू खाली बसली.

त्यानंतर गिऱ्हाइकांचं आणि धुळीचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही. गोदामाला आग लागली त्या दिवशी ढब्बू वरच्या मजल्यावर होता आणि शिडी नदीपलीकडून येत होती, हे हॉलमधल्या प्रत्येकाला माहीत होतं. छप्पर शिडीसाठी थांबलं नाही.

नकाशेवाली हुशार. हवा फिरली हे तिनं ओळखलं आणि विचारलं, "जुन्या इमारतीतलं नव्या इमारतीत काय न्यावं, असं तुम्हाला वाटतं?"

"घंटा!" सगळे एका सुरात ओरडले. मास्तरांना पुन्हा जोर चढला. "आणि घंटेखाली आपल्या ढब्बूचं नाव!" टाळ्याच टाळ्या.

टाळ्यांच्या गडबडीत काकू उठून चालायला लागली, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. फक्त दाराशी बसलेल्या म्हाताऱ्या ड्रायव्हरनं आपले पाय आत घेतले, तिला जायला वाट करून दिली. काकू त्याच्या अंगावरून अशी गेली, जणू तिथं माणूस नाही, खुर्ची ठेवलीये.

आता ही घंटा काय प्रकार आहे ते सांगायला हवं. घरात फोन नव्हते तेव्हापासूनची रीत. बंब आगीवरून परत आला की ड्रायव्हर सगळ्यांच्या आधी खाली उतरणार आणि फाटकाजवळच्या कोपऱ्यात टांगलेल्या घंटेला, जितकी माणसं परत आली तितके टोले देणार. माणशी एक. साहेबानं त्या दोरीला हात लावायचा नाही, ते काम ड्रायव्हरचंच. कारण जाताना गाडीत कोण चढलं आणि येताना कोण चढलं हे मोजायचं त्यानं. बंबावर नेहमी पाच जण. मागं क्वार्टर्समध्ये बायका हातातलं काम तसंच ठेवून टोले मोजायच्या. काकू मोजायची मुठीवर. स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहून मूठ वर धरायची, टोल्याला एक बोट उघडायची, करंगळीपासून सुरू करून. पाचव्याला अंगठा उघडला की गंगेत घोडं न्हालं. मग त्याच हातानं घाम पुसून कामाला लागायची. नवऱ्याच्या वेळी तसंच, मुलाच्या वेळी तसंच. पुढं फोन आले, खिशाखिशात आले, तरी रीत राहिली. फोनवर माणूस काय वाटेल ते सांगतो, घंटा खोटं सांगत नाही, असं काकूच सगळ्यांना सांगायची.

दुसऱ्या दिवशी नकाशेवाली काकूच्या घरी आली. या वेळी एकच गुंडाळी होती. तिनं ती ओट्यावर पसरली. नव्या इमारतीच्या दर्शनी भागात काचेच्या पेटीत घंटा, खाली पितळी पाटी. "काकू, तुमची परवानगी हवी. तुम्ही हो म्हणालात की नाव कोरायला देते."

काकूनं नकाशा नीट पाहिला. मग त्यावर चहाचा कप ठेवला. "फोडा ती घंटा," ती म्हणाली. "वितळवा, भंगारात घाला, काय करायचं ते करा. माझ्या पोराचं नाव तिच्याखाली नको."

नकाशेवालीला वाटलं आपण काहीतरी चुकीचं ऐकलं. "पण काकू, सगळे म्हणतात ती तुमच्या..."

"सगळ्यांना काय जातंय म्हणायला? सगळ्यांच्या घरी ती खोटं बोलली नाही. माझ्या घरी बोलली." आणि मग इतक्या वर्षांत कुणाला न सांगितलेलं काकूनं त्या परक्या मुलीला सांगितलं. कधीकधी परकंच माणूस बरं पडतं.

"दुपार होती. बंब आला तो आवाज ऐकला, खिडकीत गेले, मूठ धरली. टोले पडले. पाच. चांगले मोजले मी, पाच. अंगठा उघडला. म्हटलं, आला बाई. तो आगीवरून आला की कोळशाच्या पोत्यातनं काढल्यासारखा दिसायचा, म्हणून आधी आंघोळ, मग जेवण. मी पाणी तापत ठेवलं. ताट वाढलं. आणि हा येईना. मला वाटलं, बसला असेल यार्डात खिदळत. मी इथनं शिव्या घातल्या त्याला. मेल्या, पाणी निवतंय, तुझ्या गप्पा संपणार आहेत की नाहीत! पाणी निवलं. मी पुन्हा तापत ठेवलं."  काकू ओट्याकडे बघत राहिली. "दुसऱ्यांदा उकळी फुटत होती तेव्हा साहेब दारात आले. टोपी हातात."



"चारच आले होते," काकू म्हणाली. "ड्रायव्हरनं पाच दिले. साहेब म्हणाले, वहिनी, हाताची सवय हो, रोजचे पाच, गेला हात. सवय! माझं पोर छपराखाली गेलं आणि ह्या ड्रायव्हरच्या हाताला पत्ता नाही. तो ह्यांच्या मांडीवर वाढला. त्याला गाडी ह्यांनी शिकवली. आणि मोजताना आठवण नाही, की तो नाहीये?"

आता हा ड्रायव्हर काकूच्या नवऱ्याचा जिवाभावाचा मित्र. तिला वहिनी म्हणायचा, ती त्याला भाऊजी. त्या दिवसानंतर काकूनं त्याला काहीच म्हणणं सोडलं. तो क्वार्टर्सच्या टोकाच्या घरात मुलीजवळ राहत होता. जिन्यात समोरासमोर आले की तो भिंतीला चिकटून उभा राहायचा आणि ती नाकासमोर बघत निघून जायची. त्यानं कधी येऊन एक शब्द सांगितला नाही, हेही काकूच्या हिशेबात होतंच.

"मी तसंच कळवीन, काकू," नकाशेवाली शेवटी म्हणाली. "घंटा नव्या इमारतीत जाणार नाही. फक्त एक करा. पाडायच्या आधी, रविवारी, आम्ही सगळ्यांना स्टेशन आतून दाखवतोय. तुम्ही या, घंटेसमोर उभ्या राहा आणि मग सांगा. म्हणजे पालिकेतल्या साहेबांना सांगताना माझीही जीभ अडखळणार नाही."

"मी काय, आज सांगितलं ते रविवारी बदलणार आहे?"

"नका बदलू. पण या."

रविवारी काकू गेली. का गेली म्हणाल तर तिलाही सांगता आलं नसतं. नकाशेवाली पुढं, तिच्यामागं वस्ती. तिनं झोपायची खोली दाखवली, खाटांच्या मधोमध ठेवलेल्या बादल्या दाखवल्या, नळ्या वाळत घालायच्या बुरुजाला गेलेला तडा दाखवला, त्यात सलूनवाल्याचा अख्खा पंजा मावला. आता भरतीत मुलीही येतात, त्यांना कपडे बदलायला जागा नाही म्हणून नळ्यांच्या खोलीत पडदा लावलाय, तोही दाखवला. दाराच्या वरच्या दगडावर गाड्यांनी घासून पाडलेले ओरखडे होते. मास्तर सगळं बघून म्हणाले, "मी तर आधीपासून म्हणतोय, पाडायलाच हवी." त्यांच्याशी कुणी वाद घातला नाही.

मग घंटेचा कोपरा आला.

इतकी वर्षं क्वार्टर्समध्ये काढली, पण काकू या कोपऱ्यात कधी आली नव्हती. यार्डात घरच्यांनी पाऊल टाकायचं नाही असा कडक नियम, बंब कधी सुटेल त्याचा नेम नसतो. समारंभाला यायची ती मागच्या जिन्यानं, थेट वरच्या हॉलमध्ये. घंटा तिनं आयुष्यभर ऐकली, पण जवळून पाहत होती ती आजच. एवढीशी होती. कानाला केवढी मोठी वाटायची.

एका बाजूला खांब, एका बाजूला बुरुजाची भिंत, मधे एक माणूस उभं राहील एवढी जागा. दोरी धरायची तर फाटकाकडे पाठ करूनच उभं राहावं लागे. काकू त्या जागेत शिरली, दोरीला हात लावला आणि मान वर केली.

समोर, खांब आणि भिंत यांच्या मधल्या फटीत, तिची खिडकी होती. दुसरं काहीच दिसत नव्हतं, फक्त ती खिडकी. आणि वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जवळ.

"अय्या, काकू, हे तर तुमचं स्वयंपाकघर!" नकाशेवाली तिच्या खांद्यावरून बघत म्हणाली. "खिडकीतला डबासुद्धा दिसतोय."

काकूनं दोरी सोडली नाही. पलीकडे जुन्या पंपाजवळ ड्रायव्हर मास्तरांना काहीतरी समजावून सांगत होता.

"भाऊजी."

हाक ऐकून तो वळला, पण लगेच आला नाही. आपल्यालाच मारली का, असं बघत राहिला. मग हळूहळू आला आणि दोन हात लांब उभा राहिला. नकाशेवालीला काय वाटलं कुणास ठाऊक, ती सगळ्यांना घेऊन पुढं गेली.

"त्या दिवशी मी दिसत होते?" काकूनं विचारलं.

कुठल्या दिवशी, असं त्यानं विचारलं नाही. "दिसत होतात."

"माझा हात?"

"हातही."

"म्हणजे सवय नव्हती."

"नाही, वहिनी." तो जमिनीकडे बघत बोलत होता. "चार दिले आणि मी थांबलो. थांबलोच होतो. वर बघितलं. तुमची चार बोटं उघडी, अंगठा मिटलेला. मला वाटलं, तुम्हाला कळेल. हात खाली घ्याल. तुम्ही हलेचनात. वाट बघत होतात. आणि हसत होतात, वहिनी. म्हणजे मी मुद्दाम उशीर लावून चेष्टा करतोय, असं तुम्हाला वाटलं असणार. मी करायचो ना तशी कधीकधी, शेवटचा टोला लांबवायचो." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मला नाही जमलं. दोरी ओढली."

"आणि मग?"

"मग वाटलं, आता पळत वर जावं आणि तोंडानं सांगावं. बराच वेळ धीर होईना. शेवटी जिन्यापर्यंत आलो. तुमचा आवाज आला. तुम्ही त्याला शिव्या घालत होतात, पाणी निवतंय म्हणून. तिथनं परत फिरलो. साहेबांच्या पाया पडलो, म्हटलं तुम्ही जा."

"साहेब सवय म्हणाले. तुम्ही म्हणू दिलंत."

"सवयीचा राग तुम्हाला झेपेल असं वाटलं. हे कसं झेपणार?"

काकू ओरडली नाही, पण जे बोलली ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. "मी ताट वाढलं हो. मेलेल्या पोराला मी मेल्या म्हणाले. तुम्ही जिन्यात उभे राहून ऐकलंत ते, आणि मला थांबवलं नाहीत. दुसऱ्या कुणी यायचं नव्हतं, भाऊजी. तुम्ही यायचं होतंत. तुम्ही दारात येऊन सांगायचं होतंत."

तो रडायला लागला. पाठ वाकवून, आवाज न करता, म्हातारी माणसं रडतात तसा. काकूनं त्याला गप्प केलं नाही, त्याच्या खांद्यावर हातही ठेवला नाही. तिथून निघाली ती तडक घरी गेली आणि तिनं स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली.

पुढचे दिवस फार वाईट गेले. खिडकी बंद ठेवून, दिवा लावून ती भर दुपारी स्वयंपाक करायची. इतकी वर्षं जो राग तिनं सांभाळला होता तो तसा सोपा होता. एका माणसाचा हात बेसावध होता, बस्स. त्या रागाला धरून ती उठायची, बसायची, जिन्यातून ताठ मानेनं जायची. आता तो आधारच गेला. ढब्बू पुन्हा पहिल्यापासून गेला. आणि एक गोष्ट तर तिला राहून राहून छळायची. आपण हसत होतो. हे तिला माहीतच नव्हतं. तिच्या जन्मातलं ते शेवटचं खरं हसू, ते फक्त त्या माणसानं पाहिलं होतं, आणि ते पुसायचा त्याला धीर झाला नव्हता. त्याचा राग करावा तर करवेना, सोडावा तर सोडवेना. स्वतःचीच कीव यायची आणि त्याचीही, आणि त्याची कीव येते म्हणून पुन्हा संताप.

नकाशेवाली येऊन गेली. काही विचारायचं असूनही तिनं विचारलं नाही. निघताना काकूच म्हणाली, "गाड्या बाहेर काढाल ना, त्या दिवशी सांगते. त्याच्या आधी मला ती एकदा वाजवू द्या."

काही महिन्यांनी तो दिवस उजाडला. सगळे बंब धुऊन पुसून यार्डात ओळीनं उभे. नव्या जागेचं काम झालं होतं, जुनी रिकामी करायची होती. सलूनवाल्यानं शटर अर्धं ओढून घेतलं होतं. मास्तरांच्या हातात भाषणाचे कागद होते, पण माइकच आणला नव्हता. नकाशेवाली आता माणसं ओळखायला शिकली होती.

काकू आली. गर्दीतून सरळ ड्रायव्हरपाशी गेली आणि त्याच्या हातात घराची किल्ली ठेवली.

"वर जा, भाऊजी. स्वयंपाकघराची खिडकी उघडा आणि तिथं उभे राहा."

"वहिनी, हे कशाला..."

"जा म्हटलं ना."

तो गेला. काकू कोपऱ्यात शिरली, दोरी धरली. वर खिडकी उघडली. आत अंधारातून तो पुढं आला, कठड्याला टेकला. त्यानं खाली पाहिलं, आणि काय करायचं ते त्याला न सांगता कळलं. त्यानं मूठ वर धरली.

काकूनं दोरी ओढली. करंगळी उघडली. दुसरा टोला, तिसरा, चौथा. यार्डात जुन्या बंबवाल्यांचे ओठ नुसते हलत होते.

चार बोटं उघडी, अंगठा आत.

काकू चार देऊन थांबायचं ठरवून आली होती. त्यात काय एवढं, असंच तिला वाटलं होतं. पण खिडकीत तो म्हातारा उभा होता, मूठ वर, डोळे तिच्यावर लावून, आणि त्याला सगळं ठाऊक असूनही तो वाट बघत होता. तिच्या हाताला ओढ लागली. हिसका देऊन दोरी ओढावी, तो अंगठा उघडावा, त्या चेहऱ्यावरचं ते जावं. खरंखोटं कुणाला बघायचंय! एवढंसं तर काम. तिला कळलं, त्या दिवशी इथं उभं राहणं काय होतं. ती इतका वेळ तशीच राहिली, की मागं कुणीतरी खाकरलं.

मग तिनं दोरी सोडली. दोरी थोडी हलत राहिली आणि थांबली.

खिडकीत चार बोटं तशीच होती. अंगठा उघडला नाही.

काकू कोपऱ्यातून बाहेर आली. नकाशेवाली डोळे पुसत उभी होती. "घंटा ने," काकू तिला म्हणाली. "त्याचं नावही घाल. पण ती काच-बीच नको. दोरी ठेव, रोज वाजू दे. आणि एवढं माझं ऐक. दोरी अशा जागी लाव, की वाजवणाऱ्याला कुणाची खिडकी दिसायला नको."

"बघते, काकू. नक्की बघते."

"बघते नको. कर."

काकू जिना चढून वर गेली. स्वतःच्या घराचं दार तिनं वाजवलं. आतून पावलं आली, दार उघडलं. ड्रायव्हर दारात उभा राहिला. खाली बंबांची इंजिनं सुरू होत होती.

"वहिनी," तो म्हणाला, "ढब्बू नाही आला."

"नाही आला?"

"नाही, वहिनी. आम्ही चौघंच आलो."

काकू तिथंच उंबऱ्यावर बसली आणि मोठ्यानं रडली. त्या दिवशी साहेबांसमोर आवाज दाबून धरला होता, तो सगळा आज बाहेर आला. पोराचं नाव घेऊन रडली, त्याला शिव्या घातल्या त्यासाठी रडली. खाली एकेक बंब फाटकातून बाहेर पडत होता आणि प्रत्येकाचा भोंगा तिच्या रडण्यावरून जात होता. ड्रायव्हर तिच्याशेजारी, जिन्याच्या पायरीवर, हात जोडून बसून राहिला.

शेवटचा बंब गेल्यावर काकूनं तोंड पुसलं. "भाऊजी," ती म्हणाली, "पाणी तापत ठेवलंय. उतरवून ठेवा. आता कशाला लागतंय ते."

गॅसवर काहीच नव्हतं. तो मघापासून त्याच स्वयंपाकघरात उभा होता, त्याला ते माहीत होतं. तरी तो उठला, आत गेला आणि त्यानं गॅसचं बटण बंद केल्यासारखं फिरवलं.

"उतरवलं, वहिनी," तो आतून म्हणाला.